पडद्यावरील तुकडी आणि तिचा नाईक

शनिवारची रात्र आहे. इंग्लंडांतील एका साध्या घरांत माडीवरच्या खोलीचें दार लोटलेलें आहे, व आंतून एका तरुणाचा आवाज जिन्यापर्यंत ऐकूं येत आहे. “दोन, एक बोलत आहे. ओढ्याच्या अलीकडे थांबा. पांढऱ्या घराकडे नजर ठेवा. हलूं नका.” क्षणभर शांतता, मग पुन्हां तोच आवाज, “ठीक. आम्ही निघतों.” जिन्यावरून जाणाऱ्या आईला वाटतें, पोरगा गोळीबाराचा खेळ खेळत आहे; पण गेल्या वीस मिनिटांत त्यानें एकहि गोळी झाडलेली नाहीं, हें तिला कोण सांगणार? त्याच्या हाताखालीं या घटकेस आठ माणसें आहेत. एक हॉलंडांत, दोघे जर्मनींत, एक नॉर्वेंत, बाकीचे ब्रिटनमधील निरनिराळ्या गांवीं आपापल्या संगणकापुढें बसलेले. त्यांपैकीं बहुतेकांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नाहीं. तरीहि एका काल्पनिक बेटावरील ओढा नऊहि जणांनीं धड ओलांडावा, एवढ्यासाठीं ही सगळी मंडळी पाऊण तास धडपडत आहे.

असें दृश्य आज युरोप-अमेरिकेंतील पुष्कळ घरांत पाहावयास मिळेल. या खेळाला दोन इंग्रजी शब्दांची मोडतोड करून ‘मिलसिम’ म्हणतात. अर्थ इतकाच कीं, सैन्याच्या कामकाजाची शक्य तितकी हुबेहूब नक्कल. बाजारांत बंदुकींचे खेळ उदंड आहेत. त्यांत धांवावें, दिसेल त्याला मारावें, स्वतः मेलें तर चार क्षणांत पुन्हां उठावें, असा मामला असतो. मिलसिमची गोष्ट निराळी. येथें एखाद-दुसरी गोळी लागली कीं बहुधा कारभार आटोपतो. बंदूक खांद्यावर टाकून कोस-अर्धा कोस चालत जावें लागतें. आणि दोन तासांच्या खेळांत प्रत्यक्ष गोळीबार फार थोडा वेळ चालतो. उरलेला वेळ चालणें, पाहणें, नकाशा वाचणें, आणि मुख्यतः बोलणें व ऐकणें यांत जातो. झटपट करमणूक हवी असेल त्यानें दुसरीकडे जावें हें बरें. पण ज्यांना या नादाची गोडी लागली आहे, ते आठवड्याचा ठरलेला वार सहसा चुकवीत नाहींत.

या मंडळांचें आवडतें साधन म्हणजे ‘आर्मा’ नांवाची खेळमालिका. प्राग शहरांतील बोहेमिया इंटरॲक्टिव्ह या कंपनीनें २००१ सालीं ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ हा खेळ काढला. त्याच घराण्यांत पुढें २००६ सालीं ‘आर्मा’ जन्मला, व २०१३ सालीं त्याचा तिसरा अवतार आला. या तिसऱ्या अवतारांतील ‘आल्टिस’ हें बेट सुमारें २७० चौरस किलोमीटरांचें असून तें ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून बेतलेलें आहे. हें साम्य कंपनीला भलतेंच महाग पडलें. २०१२ च्या सप्टेंबरांत तिचे दोन कर्मचारी लेम्नोसवर गेले असतां, लष्करी ठिकाणांचीं चित्रें घेतल्याच्या संशयावरून ग्रीक पोलिसांनीं त्यांना पकडलें, आणि २०१३ च्या जानेवारींत जामीन मिळेपर्यंत ते कोठडींत राहिले. सैन्यांचेंहि या तंत्राकडे लक्ष होतेंच. १९९६ सालीं अमेरिकन मरीन दलानें ‘डूम’ या गाजलेल्या खेळांतील राक्षस काढून टाकून त्यांच्या जागीं शत्रूचे शिपाई बसविले, व चार जणांच्या टोळीचा सराव त्यावर करून पाहिला. पुढें ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’च्याच तंत्रापासून ‘व्हर्च्युअल बॅटलस्पेस’ नांवाचें खास शिक्षणासाठींचें साधन तयार झालें, आणि ऑस्ट्रेलिया, ब्रिटन व अमेरिका येथील सैन्यांनीं तें वापरलें.

पण ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. १८१२ सालीं प्रशियाच्या राजापुढें राइसविट्झ नांवाच्या गृहस्थानें एक युद्धखेळ मांडला. त्याचा मुलगा सैन्यांत अधिकारी होता. त्यानें तो सुधारून १८२४ सालीं त्याचे नियम छापले. आठ हजारांस एक या प्रमाणाचा नकाशा, त्यावर सैन्याचे ठोकळे, दोन बाजूंचे खेळाडू, आणि मध्यें एक पंच. खेळाडूनें आपला हुकूम पंचाला द्यावयाचा; पंचानें फांसे टाकून व कोष्टकें पाहून त्याचा परिणाम सांगावयाचा. शत्रूचा जो ठोकळा आपल्या शिपायांना दिसण्याजोगा नाहीं, तो नकाशावर मांडावयाचाच नाहीं. बुद्धिबळांत दोन्ही खेळाडूंना सारा पट दिसतो. येथें सेनापति अर्धा आंधळा असतो, आणि खरी मेख तेथेंच आहे. पुढें १८७६ सालीं व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या प्रशियन अधिकाऱ्यानें फांसे व कोष्टकें बाजूला सारून सर्व भार अनुभवी पंचाच्या निवाड्यावर टाकण्याचा मार्ग सुचविला. ‘आर्मा’च्या तिसऱ्या अवतारांत २०१४ पासून ‘झ्यूस’ नांवाची एक सोय आहे. तींत एक जण वरून सारें रणांगण पाहत असतो, आणि खेळ चालूं असतांनाच शत्रूला कुमक पाठवितो, रस्ता अडवितो, किंवा नवशिक्यांची दैना पाहून हात आवरता घेतो. प्रशियाचा तो जुना पंचच नव्या वेषांत येऊन बसला आहे म्हणावयाचा.

आतां तुकडीची रचना. धांदलीच्या वेळीं एका माणसाला तीन-चार माणसांहून अधिकांवर नीट लक्ष ठेवतां येत नाहीं, हा पुष्कळ सैन्यांचा अनुभव. म्हणून चार-चार जणांच्या टोळ्या करतात. अमेरिकन मरीन दलानें १९४४ सालीं तीन टोळ्या व त्यांवर एक प्रमुख अशी तेरा जणांची तुकडी कायम केली. त्याच देशाच्या भूदलाची तुकडी दोन टोळ्या व एक प्रमुख मिळून नऊंची असते. मिलसिम मंडळें यांपैकीं एखादा नमुना उचलतात. मराठी माणसाला यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. शिवाजी महाराजांच्या पायदळांत नऊ-दहा माणसांवर एक नाईक, पांच नाईकांवर एक हवालदार, अशी चढती मांडणी होती. आणि ‘नाईक’ व ‘हवालदार’ हे शब्द भारतीय सैन्यांत हुद्द्यांचीं नांवें म्हणून आजहि नांदत आहेत. तेव्हां या परक्या खेळांतील तुकडीच्या प्रमुखाला नाईक, आणि चौघांच्या प्रमुखाला टोळीप्रमुख म्हणणें सोयीचें होईल.

वर सांगितलेला इंग्रज तरुण हा असा नाईक. तीन महिन्यांपूर्वीं त्याची पहिली पाळी आली, तेव्हांची गोष्ट मंडळांतले लोक अजून काढतात. नेम धरण्यांत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता, म्हणून त्याला नाईक केलें. गणितांत पहिला येणाऱ्या मुलाला वर्गाचा मॉनिटर नेमावें, तसाच हा न्याय. तो शाळेंतहि फसतो आणि येथेंहि फसला. शत्रूची पहिली गोळी सुटतांच हा नाईक सर्वांच्या पुढें धांवला, दोघांना त्यानें अचूक टिपलें, आणि चौथ्या मिनिटास स्वतः पडला. मागें राहिलेल्या आठांपैकीं कोणालाहि कोठें जावयाचें व कोणत्या वाटेनें जावयाचें हें ठाऊक नव्हतें. कारण सारा बेत नाईकाच्या पोटांत होता. एक जण भिंतीआड पडून विचारीत होता, “आतां काय?” दुसरा ओरडत होता, “तिकडे, तिकडे!” ‘तिकडे’ म्हणजे कोठें, हें आठ जणांनीं आठ प्रकारांनीं समजून घेतलें. दहा मिनिटांत तुकडी संपली.

‘तिकडे’ हा शब्द अशा मंडळांत शिवीइतकाच वर्ज्य मानावा लागतो. एका खोलींत बसलेल्या माणसांना बोट दाखवितां येतें. दूरच्या माणसाच्या हातीं फक्त शब्द. घड्याळाच्या आंकड्यांनीं दिशा सांगण्याची एक रीत आहे. पण ‘तीनच्या आंकड्यावर शत्रु’ म्हटलें, तर कोणाच्या तीनच्या, हा प्रश्न उरतोच, कारण प्रत्येकाचें तोंड निराळीकडे. म्हणून होकायंत्राचे अंश सांगणें बरें. शत्रु दिसला कीं बातमी एका ठरीव क्रमानें द्यावयाची: प्रथम ‘शत्रु’ हा एकच शब्द, म्हणजे सर्वांचे कान टवकारतात, मग दिशा, मग अंतर, मग तो कोण व किती. “शत्रु. दोनशें दहा अंश. तीनशें मीटर. दोघे, लाल छपराच्या डाव्या कोपऱ्याशीं.” चार-पांच सेकंदांत सारें सांगून होतें. नवशिका तेवढ्या वेळांत ‘अरे बापरे, कोणी तरी आहे वाटतें’ इतकेंच म्हणूं शकतो. हा क्रम उगाच ठरलेला नाहीं. बोलणारा मध्येंच पडला, तरी पहिल्या दोन शब्दांनीं इतरांचीं तोंडें योग्य दिशेला वळलेलीं असतात.

आवाजाची व्यवस्थाहि मोठी मनोरंजक आहे. ‘टास्क फोर्स ॲरोहेड रेडिओ’ यासारखीं, हौशी लोकांनीं तयार केलेलीं जोडसाधनें या खेळाला लावतात. त्यामुळें शेजारच्या माणसाचें बोलणें स्पष्ट ऐकूं येतें, जरा लांबच्याचें पुसट, आणि त्यापलीकडे बिनतारी यंत्रावांचून कांहींच नाहीं. यंत्राचाहि पल्ला ठराविक; आड डोंगर आला कीं आवाज बिघडतो. नाईकाच्या एका कानांत वरिष्ठांची वाहिनी, दुसऱ्या कानांत तुकडीची, आणि जवळ उभ्या असलेल्याचा उघडा आवाज निराळाच. तिन्ही एकदम सुरू झाले म्हणजे नव्या माणसाचें डोकें भणाणून जातें. एका वाहिनीवर दोघे एकदम बोलले तर कोणाचेंच धड कळत नाहीं. म्हणून आधीं ज्याला हांक मारावयाची त्याचें नांव, मग स्वतःचें, मग काम, असा शिरस्ता. उत्तर देतांना ‘रॉजर’ आणि ‘विल्को’ यांची गल्लत करूं नये: पहिल्याचा अर्थ ‘ऐकलें’, दुसऱ्याचा ‘ऐकलें आणि करतों’. या दोहोंतील फरक पाळला तर संसारांतलींहि पुष्कळ भांडणें टळतील. पण तो विषय येथें नको.

चालण्याचा सराव मात्र कंटाळवाणा खरा. माणूस भ्याला कीं दुसऱ्या माणसाला चिकटतो. पडद्यावरील बाहुल्याआड बसलेला माणूसहि तेंच करतो, आणि मग एका हातगोळ्यानें चौघे जातात. मोकळ्या रानांत एकमेकांत पांच ते दहा मीटर अंतर राखावयाचें, ही एकच गोष्ट अंगवळणीं पडावयास कित्येक आठवडे लागतात. उघडी जागा ओलांडतांना एक टोळी आडोशाला बसून बंदुका रोखते, दुसरी पळते. ती पोंचून बसली कीं पहिली निघते. पळणाऱ्या टोळीचा जीव सर्वस्वीं बसलेल्या टोळीच्या हातीं. दोन्ही एकदम निघाल्या तर रक्षण कोणाचेंच नाहीं, आणि दोन्ही बसून राहिल्या तर रात्र संपते पण ओढा संपत नाहीं. ही आलटापालट जमवून आणणें हें नाईकाचें काम, बंदूक चालविणें नव्हे. त्यासाठीं नवशिक्यांना प्रथम शत्रु नसलेल्या रिकाम्या शेतांतून नुसतें पुढें-मागें पळविणें चांगलें. कवाइतीच्या मैदानावर घाम गाळलेल्यांना हें निराळें सांगावयास नको.

त्या पहिल्या रात्रीच्या फजितीनंतर जें झालें, तें त्या तरुणाला खेळापेक्षां अधिक शिकवून गेलें. सराव आटोपला कीं लगेच उठून जावयाचें नाहीं, सर्वांनीं बसून झाल्या गोष्टीचा पडताळा घ्यावयाचा, अशी या मंडळांची रीत. ही रीत अमेरिकन सैन्यानें १९७० च्या दशकांत घालून दिली, व पुढें ती सैन्याबाहेरहि पसरली. काय ठरलें होतें, काय झालें, कां झालें, पुढल्या खेपेस काय करावें, इतकेच प्रश्न. ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न त्यांत मुद्दाम ठेवलेला नाहीं. नाईकानें मात्र आपलें उणें आधीं आपणच सांगावें, म्हणजे इतरांचीं तोंडें मोकळीं होतात. तरुणानें प्रथम नशिबावर बोट ठेवलें, मग इंटरनेटच्या मंद गतीवर. तेव्हां मंडळांतील एका जुन्या माणसानें शांतपणें विचारलें, “तूं पडलास तेव्हां तुझ्या दुसऱ्या टोळीप्रमुखाला कोणतें घर घ्यावयाचें हें ठाऊक होतें काय?” याला उत्तर नव्हतें. पुढचे कांहीं आठवडे तो आपण होऊन साधा शिपाई म्हणून दुसऱ्यांच्या हाताखालीं राहिला, मग टोळीप्रमुख झाला. स्वतःला मिळणारे हुकूम कोठें अपुरे पडतात, हें त्याला या काळांत कळलें.

हुकूम देण्याची कला या साऱ्या विद्येचें हृदय होय. ‘दुसऱ्या टोळीनें विहिरीपाशीं बसावें’ हा हुकूम दिसावयास पुरा, पण खरोखर अर्धा. ‘पहिली टोळी ओढा ओलांडीपर्यंत पांढऱ्या घरांतून कोणीं डोकें वर काढूं नये, यासाठीं दुसऱ्या टोळीनें विहिरीपाशीं बसावें’ हा पुरा. कारण विहिरीपाशीं गेल्यावर तेथून तें घर दिसतच नाहीं असें आढळलें, तर पहिला हुकूम पाळणारा तेथेंच बसून राहील. दुसरा ऐकलेला टोळीप्रमुख न विचारतां वीस पावलें सरकून घर दिसेल अशी जागा धरील. एकोणिसाव्या शतकांत प्रशियन सैन्यानें हेंच तत्त्व वाढविलें: काम व त्याचा हेतु सांगावा, रीत त्याच्यावर सोंपवावी. ऐकावयास सोपें आहे. पण ज्याला स्वतःला काम उत्तम येतें, त्याला दुसऱ्याची रीत पाहून गप्प बसणें फार जड जातें. उत्तम सुगरणीला सुनेच्या हातची फोडणी पाहतांना जें होतें, तेंच नेमबाज नाईकाला होतें. आठ जणांना आठ हुकूम देण्याऐवजीं दोन टोळीप्रमुखांना दोन देऊन स्वस्थ राहावें, आणि मोकळ्या झालेल्या कानांनीं ऐकावें, हें त्या तरुणाला साधावयास तीन महिने लागले. मंडळांतले जुने लोक सरावांत कधीं कधीं मुद्दाम नाईकालाच ‘मेलेला’ ठरवितात, व बाकीच्यांचें काय होतें तें पाहतात. तुकडी लगेच दुसऱ्याच्या हाताखालीं चालूं लागली, तर नाईक चांगला होता असा निर्वाळा मिळतो.

एका बाबतींत हें नाईकपण सैन्यांतल्यापेक्षांहि अवघड आहे. सैन्यांतल्या नाईकाच्या पाठीशीं कायदा असतो, पगार असतो, शिक्षा असते. येथें शिपायाला राग आला तर तो यंत्र बंद करून झोंपावयास जातो. कोणी दिवसभर दुकानांत राबून आलेला, कोणी कॉलेजांत शिकणारा, कोणी दोन मुलांचा बाप. कोणावर कोणाची सत्ता नाहीं. अशा माणसांनीं एका विशीतल्या पोराच्या शब्दावर वीस मिनिटें एका भिंतीआड निमूट बसावें, तर त्या शब्दांत ओरडा असून चालत नाहीं. रणांगण खोटें, बंदुका खोट्या; पण कंटाळलेल्या माणसाचा रुसवा खरा, आणि तो काढण्याची हातोटीहि खरीच लागते.

एवढ्यावरून युद्ध म्हणजे काय हें या मंडळींना कळतें, असा समज कोणी करून घेऊं नये. पडद्यावरील ओझें पाठीला लागत नाहीं. तेथें ऊन आहे पण तहान नाहीं. आणि मेलेला शिपाई अकरा वाजतां आपल्या अंथरुणांत शिरतो. जेथें भय नाहीं तेथें धैर्याचीहि पारख नाहीं. कित्येक मंडळें ‘एका खेळांत एकच जीव’ असा नियम करतात. मेलेल्यानें उरलेला वेळ मुकाट्यानें पाहत बसावयाचें. त्यामुळें माणसें जरा जपून पावलें टाकतात, इतकेंच. शिवाय चित्रें इतकीं हुबेहूब झालीं आहेत कीं त्यांचा दुरुपयोगहि होतो. युक्रेनच्या युद्धांतील खरीं दृश्यें म्हणून ‘आर्मा’मधील चित्रें लोकांत फिरविलीं गेलीं, आणि २०२२ च्या नोव्हेंबरांत कंपनीला निवेदन काढून तीं ओळखावीं कशीं हें सांगावें लागलें. ज्यांनीं त्या बेटावर रात्री घालविल्या आहेत ते अशीं चित्रें चटकन ओळखतात, इतर फसतात.

माडीवरच्या खोलींत इकडे पहिली टोळी ओढ्यांत उतरली आहे. पाणी गुडघ्याइतकें. पलीकडचा कांठ पंधरा पावलांवर राहिला, आणि कोठून तरी, पांढऱ्या घराकडून नव्हे, उजवीकडच्या टेकडीवरून एक गोळी येते. तरुणाचा पडदा काळा होतो. नियमाप्रमाणें आतां त्यानें एक शब्दहि बोलावयाचा नाहीं. दोन सेकंद कानांत कांहींच येत नाहीं. मग नॉर्वेंतला आवाज, शांत आणि थोडासा घोगरा: “शत्रु. साठ अंश. टेकडीवर, एक. नाईक पडला. दोन बोलत आहे, तुकडी आतां माझ्याकडे. पहिली टोळी, कांठावर चढून आडोशाला बसा. आम्ही टेकडी धरतों.” लगेच उत्तर: “विल्को.”

तरुण कानांवरील यंत्र न काढतां खुर्चींत मागें रेलतो. दाराच्या फटींतून आई डोकावते. पडद्यावर कांहींच हलत नाहींसें पाहून ती विचारते, “संपलें का रे?”

“माझें संपलें,” तो हलकेच म्हणतो, आणि तिनें बोलूं नये म्हणून बोट वर करतो. “त्यांचें चाललें आहे.”